परदेशात म्युझिकल बघण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन, न्यूयॉर्क, तोक्यो असं काही ठरलं की सहलीच्या यादीत एक ओळ हमखास येते: ‘एक म्युझिकल बघून टाकू.’ माझं भांडण त्या ‘टाकू’शी आहे. सकाळी संग्रहालय, दुपारी नदीतली फेरी, मग सुजलेल्या पायांनी अडीच तास अंधारात बसायचं आणि परतताना कबूल करायचं, की दुसऱ्या अंकात डोळा लागला. ती कबुली मीही दिलेली आहे. खालचे प्रश्न ओळखीच्या माणसांनी निघण्यापूर्वी मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. उत्तरांत माझी मतं मिसळलेली आहेत, ती ओळखू येतील.

म्युझिकल आणि ऑपेरा एकच का?

नाही. ऑपेरात सहसा सगळंच गायलं जातं आणि गायक माइकशिवाय, नुसत्या गळ्याच्या जोरावर सभागृह भरतात. म्युझिकलमध्ये संवाद, गाणं आणि नाच अशा तिन्ही वाटांनी गोष्ट पुढे सरकते, आणि माइक असतो. तो बहुधा टोपाच्या कडेला, कपाळाच्या वर लपवलेला असतो. पुढच्या रांगेत बसलात तर शोधून पाहा. सीमारेषा तशी पुसट आहे. ‘ले मिझेराब्ल’ किंवा ‘हॅमिल्टन’मध्ये नुसतं बोलणं अगदी थोडं, जवळपास सगळं गाण्यातच आहे. हे आधी माहीत असलेलं बरं, कारण अशा प्रयोगात एक गाणं निसटलं तर गोष्टीचा एक तुकडाच निसटतो.

ब्रॉडवे म्हणजे एक रस्ता, एक थिएटर की आणखी काही?

रस्ता आहेच, पण तिकिटाच्या भाषेत ब्रॉडवे ही एक वर्गवारी आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधली ४१ थिएटरं तिच्यात मोडतात आणि त्यांत किमान ५०० खुर्च्या असतात. १०० ते ४९९ खुर्च्यांची ती ऑफ-ब्रॉडवे, त्याहून लहान ती ऑफ-ऑफ-ब्रॉडवे. गंमत म्हणजे या ४१ पैकी खुद्द ब्रॉडवे रस्त्यावर मोजकीच आहेत. बाकीची टाइम्स स्क्वेअरच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत, आणि एक तर पार वर लिंकन सेंटरमध्ये. म्हणून टॅक्सीवाल्याला ‘ब्रॉडवे’ एवढंच सांगून भागत नाही, थिएटरचं नाव आणि रस्त्याचा क्रमांक हवा.

लंडनचा वेस्ट एंड हा भागच आहे. तिथे चाळीसेक थिएटरं चालत जाण्याच्या अंतरात दाटीवाटीने उभी आहेत, आणि त्यांतली बरीच व्हिक्टोरियन किंवा एडवर्डियन काळातली, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची. ड्र्युरी लेनच्या थिएटर रॉयलच्या जागेवर १६६३ पासून नाटकघर आहे. आजची इमारत १८१२ ची. या जुनेपणाचा आनंद छताकडे पाहताना होतो आणि त्रास गुडघ्यांना होतो. त्याबद्दल खुर्च्यांच्या प्रश्नात बोलू.

म्युझिकल बघायचं तर न्यूयॉर्क किंवा लंडनच गाठायला हवं का?

अजिबात नाही, आणि या प्रश्नावर मी जरा लांब बोलणार आहे.

जर्मनीत हाम्बुर्गला ‘द लायन किंग’ २००१ पासून जर्मन भाषेत चालू आहे. थिएटर एल्बे नदीच्या पलीकडच्या काठावर आहे, आणि प्रेक्षक बंदरावरच्या लांडुंग्सब्र्युकेन धक्क्यावरून बोटीत बसून तिकडे जातात. नाटकाला बोटीने जाणं हाच अर्धा प्रयोग. त्याच देशात बोखुम या औद्योगिक गावात ‘स्टारलाइट एक्स्प्रेस’साठी खास थिएटर बांधलं गेलं आणि १९८८ पासून तिथे चाकांच्या बुटांवर आगगाड्या झालेले नट प्रेक्षकांच्या मधून सुसाट धावताहेत. खोल कथानकाची अपेक्षा ठेवून जाऊ नका. वेग बघायला जा.

व्हिएन्नात म्युझिकलची स्वतःची परंपरा आहे. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथवरचं ‘एलिझाबेथ’ तिथे १९९२ साली थिएटर आन डेअर वीनमध्ये आलं आणि तिथून पार जपान-कोरियापर्यंत पोचलं. माद्रिदची ग्रान व्हिया हा स्पॅनिश म्युझिकलचा रस्ता. ‘एल रेय लेओन’, म्हणजे तोच सिंहराजा, तिथे २०११ पासून आहे.

जपानचं तर जगच वेगळं. शिकी ही १९५३ साली सुरू झालेली नाटक कंपनी परदेशी म्युझिकल जपानीत करते. आणि ताकाराझुका हे ह्योगो प्रांतातलं गाव एका नाट्यसंस्थेच्या नावानेच ओळखलं जातं. १९१३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत सगळ्या भूमिका स्त्रिया करतात. पुरुषी भूमिका करणाऱ्या नट्यांचं वेड तिथल्या प्रेक्षकांना किती असतं ते थिएटरबाहेर शिस्तीत उभ्या राहिलेल्या चाहत्यांकडे पाहून कळतं. शेवटी २६ पायऱ्यांचा भव्य जिना उजळतो आणि पाठीला पिसांचा डोलारा बांधलेल्या नायिका-नायक उतरत येतात. त्या पायऱ्या उतरताना खाली बघायचं नसतं म्हणे. मी मात्र त्यांच्या पायांकडेच बघत बसले होते.

सोलमध्ये एकाच भूमिकेसाठी दोन-तीन नट असतात आणि ते आलटून पालटून करतात. त्यामुळे तिकडे तारखेबरोबर ‘त्या दिवशी कोण?’ हेही बघून तिकीट काढतात. ‘मेबी हॅपी एंडिंग’ हे २०१६ साली सोलमध्ये रंगमंचावर आलेलं छोटं म्युझिकल पुढे ब्रॉडवेवर गेलं आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा टोनी पुरस्कार मिळाला. म्हणजे आता प्रवाह दोन्ही दिशांनी वाहतो आहे.

भाषा कळली नाही तर काय बघणार?

गोष्ट आधी वाचून जा. पूर्ण. शेवटासकट. शेवट कळला तर मजा जाईल ही भीती रहस्यकथेला लागू आहे. गाण्यात गुंफलेल्या गोष्टीला फारशी नाही.

इंग्रजी येत असलं तरी हे कराच, कारण गायलेलं इंग्रजी बोललेल्या इंग्रजीपेक्षा खूप निसटतं, त्यात लंडनच्या बोलीची किंवा रॅपची भर पडली की विचारायलाच नको. दोन-चार गाणी प्रवासापूर्वी ऐकून ठेवा, पण सगळा अल्बम पाठ करू नका. पाठ झालेलं गाणं रंगमंचावर वेगळ्या लयीत आलं की माणूस नट चुकला असं समजतो.

पॅरिस आणि व्हिएन्नात इंग्रजी भाषांतराची पट्टी दाखवणारे प्रयोग सापडतात. तिकीट काढताना तशी नोंद आहे का ते पाहा. पट्टी रंगमंचाच्या वर असेल तर पुढच्या रांगेतून मान वर करून दुखेल, मागे बसा. ब्रॉडवेवर अनेक थिएटरांत गालाप्रो नावाच्या अ‍ॅपवर प्रयोगाबरोबर सरकणारे शब्द फोनवर वाचता येतात. फोनचा पडदा काळाच राहतो, शेजाऱ्याला उजेड लागत नाही. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी केलेली ही सोय परभाषिकांनाही तितकीच उपयोगी आहे.

कोणता शो निवडावा?

सगळ्यात प्रसिद्ध नाव निवडायचा मोह सगळ्यांना होतो. त्यात चूक काही नाही, फक्त स्वतःला एक विचारा: तुम्हाला गोष्ट हवी आहे, गळा हवा आहे, नाच हवा आहे की नेपथ्य? ‘शिकागो’चं १९९६ चं पुनरुज्जीवन अजून ब्रॉडवेवर चालू आहे, पण तिथे नेपथ्य जवळपास नाही, काळे कपडे, रंगमंचावरच बसलेला वाद्यवृंद आणि नाच. ज्यांना झुंबर खाली कोसळताना बघायचं आहे ते तिथे हिरमुसतात. झुंबरवाल्यांनी ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’कडे जावं, पण लंडनमध्ये, ब्रॉडवेवरचा प्रयोग १३,९८१ खेळ करून एप्रिल २०२३ मध्ये थांबला. ३५ वर्षं चाललेला शोही थांबतो, तेव्हा ‘पुढच्या खेपेला बघू’ असं कशाबद्दलच गृहीत धरू नका.

लहान हवं असेल तर ‘सिक्स’ ८० मिनिटांत संपतं, मध्यंतर नाही. मोठी म्युझिकल अडीच ते पावणेतीन तास घेतात.

माझं मत विचाराल तर एक प्रसिद्ध आणि एक अनोळखी असं बघा. लक्षात बहुधा दुसरं राहतं.

तिकीट किती आधी काढावं?

ठरावीकच शो, ठरावीकच दिवस, तीन-चार माणसं शेजारी-शेजारी बसायची असतील तर दोन-तीन महिने आधी. एकट्याने जाणार असाल आणि ‘जे मिळेल ते’ चालणार असेल तर त्याच दिवशी. नाताळचा आठवडा, अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा आठवडा आणि शाळांच्या सुट्ट्या हे सगळ्यात महागडे दिवस. जानेवारी-फेब्रुवारीत गर्दी ओसरते. न्यूयॉर्क आणि लंडन दोन्हीकडे तेव्हा सवलतीच्या योजना येतात. पण जानेवारीतच अनेक शो कायमचे बंद होतात, तेव्हा शेवटची तारीख बघून घ्या.

मागणीप्रमाणे किंमत हलते, विमानाच्या तिकिटासारखी. आज पाहिलेला आकडा उद्या तोच असेल असं नाही, आणि तो नेहमी वाढतो असंही नाही.

तिकीट नेमकं कुठून काढायचं?

थिएटरच्या किंवा शोच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. शोचं नाव शोधलं की वर जाहिरातीतले दुवे येतात आणि त्यातले काही पुनर्विक्रेत्यांचे असतात: रंग तेच, नाव जवळपास तेच, किंमत दुप्पट. मी सोपी युक्ती वापरते. आधी थिएटरचं नाव शोधायचं, मग त्याच्या पानावरच्या ‘तिकीट’ या दुव्यावरूनच पुढे जायचं. पैसे भरण्याआधी शेवटच्या पानावर सेवाशुल्क किती लागलं ते बघा. तिकीटखिडकीवर जाऊन काढलं तर ते बऱ्याचदा वाचतं.

परदेशी संकेतस्थळावर कार्ड नाकारलं जाणं ही नेहमीची कटकट. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत ना, आणि परवलीचा आकडा ज्या नंबरवर येतो तो फोन परदेशात चालणार आहे ना, हे घरून निघण्यापूर्वीच तपासा.

आणखी एक: काही ई-तिकिटांवरचा बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो. त्याचा स्क्रीनशॉट दारावर चालत नाही. तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये आधी उतरवून ठेवा, म्हणजे दाराशी नेट शोधत रांग अडवून उभं राहावं लागत नाही.

स्वस्तात बघता येतं का?

येतं, पण त्यासाठी पैशाऐवजी वेळ द्यावा लागतो.

टाइम्स स्क्वेअरमध्ये लाल काचेच्या पायऱ्या दिसतात ना, त्यांच्याखाली टीकेटीएसची खिडकी आहे. १९७३ पासून तिथे त्या दिवशीच्या प्रयोगांची उरलेली तिकिटं सवलतीत विकली जातात, काही निम्म्या किमतीपर्यंत. लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअरला १९८० पासून तसंच केंद्र आहे आणि ते आता ऑनलाइनही विकतं. लेस्टर स्क्वेअरच्या आसपास ‘निम्म्या किमतीत’ अशा पाट्यांची दुकानं बरीच आहेत. चौकातलं स्वतंत्र उभं असलेलं ते खरं. सगळ्यात गाजणारे शो या खिडक्यांवर क्वचितच येतात, हेही लक्षात असू द्या.

दुसरा मार्ग रश, म्हणजे आधी येईल त्याला त्या दिवसाचं स्वस्त तिकीट, आणि लॉटरी, म्हणजे सोडत. १९९६ मध्ये ‘रेंट’ने पुढच्या दोन रांगा २० डॉलरला विकायला काढल्या, लोक रात्रभर फुटपाथवर झोपायला लागले, म्हणून मग सोडत आली. आज बहुतेक सोडती फोनवर होतात: आदल्या दिवशी नाव नोंदवायचं, निकाल लागला की तासाभरात पैसे भरायचे. सहलीला गेल्यावर रोज सकाळी उठून चार सोडतींत नाव टाकणं हा एक छंदच होतो. लागलीच तर पहिल्या रांगेत मान वर करून बसावं लागेल, पण नटाच्या कपाळावरचा घाम दिसेल.

लंडनमध्ये काही थिएटरं त्या दिवसाची राखून ठेवलेली तिकिटं सकाळी सोडतात. उभं राहून बघायची तिकिटंही काही ठिकाणी असतात. उभं राहायचं असेल तर त्या दिवशी जास्त चालू नका, एवढंच.

कुठली खुर्ची घ्यावी?

माझ्या मते शोपेक्षाही हा निर्णय मोठा आहे. साधारण शोही चांगल्या खुर्चीवरून छान जातो, आणि उत्तम शो खांबाआडून बघितला तर रागच येतो.

आधी नावं समजून घ्या. लंडनमध्ये तळमजला म्हणजे स्टॉल्स, त्यावर ड्रेस सर्कल किंवा रॉयल सर्कल, त्यावर अपर किंवा ग्रँड सर्कल, आणि असलीच तर सगळ्यात वर बाल्कनी. न्यूयॉर्कमध्ये तळमजल्याला ऑर्केस्ट्रा म्हणतात, त्यावर मेझनीन, मग बाल्कनी. ‘ऑर्केस्ट्रा’ वाचून वादकांच्या शेजारी बसायचं की काय असं वाटून तिकीट सोडून दिलेला एक जण मला माहीत आहे.

नाच आणि सामूहिक दृश्यं जास्त असतील तर पहिल्या मजल्याची पुढची रांग तळमजल्याच्या मागच्या रांगांपेक्षा केव्हाही बरी. वरून नाचाची नक्षी दिसते. दोन-तीन पात्रांचं, चेहऱ्यावर चालणारं नाटक असेल तर तळमजल्याची पाचवी ते बारावी रांग. तळमजल्यावर अगदी मागे बसलात तर डोक्यावर वरच्या मजल्याचं छत येतं आणि रंगमंचाचा वरचा भाग कापला जातो. झुंबरासाठी पैसे मोजून झुंबरच दिसत नाही असा प्रकार इथेच घडतो.

जुन्या लंडनी थिएटरांत वरचे मजले इतके उभे असतात की चक्कर येणाऱ्यांनी तिकडे जाऊच नये. पुढे रेलिंग डोळ्यांसमोर येतं, खुर्च्यांमध्ये पाय ठेवायला जागा कमी, लिफ्ट बऱ्याच ठिकाणी नाही. काही इमारतींत वरच्या मजल्याचं दार आणि जिनाही वेगळा आहे: स्वस्त तिकीटवाल्यांनी श्रीमंतांच्या दालनातून जाऊ नये अशी जुनी व्यवस्था. आज तिकीट हातात घेऊन मुख्य दारातून शिरलेला माणूस पुन्हा बाहेर पडून कोपऱ्यावरून वळतो, तो त्या व्यवस्थेमुळेच.

तिकिटावर ‘मर्यादित दृश्य’ असं लिहिलेलं असेल तर कारण काढा. खांब असेल तर नको. बाजूचा कोन किंवा रेलिंग असेल आणि किंमत निम्मी असेल तर मी घेते. सीटप्लॅनसारख्या संकेतस्थळांवर प्रेक्षकांनी त्याच खुर्चीवरून काढलेले फोटो असतात. पाच मिनिटं तिथे घालवा.

आम्हाला १२ आणि १४ क्रमांक मिळाले आहेत. आम्ही वेगवेगळे बसणार का?

नाही, शेजारीच. न्यूयॉर्कच्या बहुतेक थिएटरांत रंगमंचाकडे तोंड केल्यावर डावीकडे विषम, उजवीकडे सम आणि मधल्या भागात १०१ पासून पुढचे क्रमांक असतात. बाजूच्या भागात आकडा जितका लहान तितकी खुर्ची मध्याच्या जवळ. खरी फसगत ११ आणि १२ घेतल्यावर होते: एक जण या टोकाला, दुसरा त्या टोकाला.

कोणत्या दिवशी जावं? पोचल्या दिवशी संध्याकाळ मोकळीच आहे.

ती मोकळीच राहू द्या. विमान उशिरा आलं तर तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, आणि वेळेवर आलं तर शरीराच्या घड्याळात मध्यरात्र उलटून गेलेली असते. तिसरा दिवस उत्तम. शेवटची रात्रही चांगली, पण दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान नसेल तरच.

ब्रॉडवेवर आठवड्याला ८ प्रयोग होतात आणि सोमवारी बहुतेक थिएटरं बंद असतात. दुपारचे खेळ बुधवार, शनिवार, रविवारी. लंडनमध्ये दुपारचा खेळ शनिवारी आणि आठवड्याच्या मध्ये एकदा असतो, रविवारी अनेक थिएटरं बंद. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी दुपारचाच खेळ सुचवते. झोप येत नाही, बाहेर पडल्यावर उजेड असतो, आणि परतीची शेवटची गाडी पकडण्यासाठी शेवटच्या गाण्यात घड्याळ बघावं लागत नाही.

तारीख लिहिण्याची पद्धतही बघा. अमेरिकेत महिना आधी. ५ जूनचा म्हणून मी एकदा ०५/०६ असं तिकीट काढलं आणि हॉटेलात बसून कळलं की तो खेळ ६ मे रोजी, मी घरी असतानाच, होऊन गेला होता. दोष पूर्णपणे माझाच.

लहान मुलांना नेता येईल का?

ब्रॉडवेच्या बहुतेक थिएटरांत ४ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नसतो आणि मांडीवर बसणाऱ्यालाही वेगळं तिकीट लागतं. वयाची अट शोप्रमाणे बदलते, शोच्या पानावर दिलेली असते. लंडनमध्ये ऑगस्टमध्ये ‘किड्स वीक’ असतो, त्यात पूर्ण किमतीच्या एका तिकिटावर एका मुलाचं तिकीट फुकट मिळतं. नाव आठवड्याचं असलं तरी चालतो महिनाभर.

अट पाळली म्हणजे मूल बसेल असं नव्हे. घरी दीड तासाचा सिनेमा न उठता बघतं का, ही माझी चाचणी. तिकीट रांगेच्या टोकाचं घ्या. खुर्ची उंच करायला उशी मिळते, दारातच मागा.

कपडे काय घालावेत? सामान नेता येतं का?

स्वच्छ असतील ते कोणतेही. कोट-टायची अट कुठेच नाही. न्यूयॉर्कमध्ये भर उन्हाळ्यातही आत कडक थंड असतं, एक शाल किंवा जॅकेट हवंच. मोठी बॅग मात्र नको. हॉटेल सोडून थेट विमानतळाला जाताना मध्येच मॅटिनी बघण्याचा बेत सुटकेससह कोलमडतो, कारण बहुतेक थिएटरं ती आत घेत नाहीत आणि ठेवायला जागाही देत नाहीत.

पाच मिनिटं उशीर झाला तर?

दार बंद. योग्य जागी, एखाद्या गाण्यानंतर, आत सोडतात. काही प्रयोगांत पहिल्या वीस मिनिटांत सोडतच नाहीत, आणि मध्यंतर नसलेल्या खेळाला उशीर झाला तर काही वेळा संपूर्ण खेळच चुकतो. अर्धा तास आधी पोचा. सुरक्षातपासणी, जिने आणि स्वच्छतागृहाची रांग यांत तो संपतो. मध्यंतरातली स्त्रियांची रांग हा जागतिक प्रश्न आहे. पहिला अंक संपून दिवे लागताच उठा.

आत वागायचं कसं? टाळ्या, फोटो, गुणगुणणं?

टाळ्या गाणं संपल्यावर, मनसोक्त. न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध नट पहिल्यांदा दिसला की प्रयोग थांबवूनही वाजवतात आणि शेवटी जवळजवळ दर वेळी सगळे उभे राहतात. लंडनचे प्रेक्षक उठायला जरा मागेपुढे बघतात. जपानमध्ये पाठ खुर्चीला टेकवून बसावं अशी अपेक्षा असते, कारण तुम्ही पुढे झुकलात की मागच्याचा रंगमंच झाकला जातो. सोलमध्ये शांतता इतकी, की पिशवीची चेन उघडायलाही धीर होत नाही.

फोटो प्रयोग चालू असताना कुठेच नाही. शेवटच्या अभिवादनाच्या वेळी काही शो परवानगी देतात, आधी तसं सांगतात. शब्द वाचायचं अ‍ॅप वापरत नसाल तर फोन नुसता मूक नको, बंद करा. अंधारात उजळलेला पडदा नटालाही दिसतो. आणि गाणं कितीही पाठ असलं तरी ओठांतल्या ओठांत. शेजारच्याने तिकीट तुमचा आवाज ऐकायला काढलेलं नाही.

ज्या नटासाठी गेलो तोच त्या दिवशी नव्हता. पैसे परत मिळतात का?

ब्रॉडवेवर ज्याचं नाव शोच्या नावाच्या वर छापलेलं असतं तो नसेल तर, पडदा वर जाण्यापूर्वी, तिकीट बदलून घेता येतं किंवा पैसे परत मागता येतात. नाव खाली असेल तर नाही. लंडनमध्ये अशी हमी सहसा नसते.

पण थांबा. बदली आलेला नट म्हणजे दुय्यम नट ही समजूत सोडून द्या. अंडरस्टडी रोज समूहात नाचतो आणि मुख्य भूमिकाही तयार ठेवतो. स्टँडबाय फक्त गरज पडेल तेव्हासाठी तयार असतो. स्विंग तर समूहातल्या कितीतरी जागा डोक्यात ठेवून फिरतो: कोण डावीकडून येतो, कोणाच्या हातात खुर्ची आहे, सगळं. ‘फँटम’मध्ये नायिका ख्रिस्तीनची भूमिका इतकी गळ्यावर ताण देणारी आहे की आठवड्यातले काही खेळ दुसरीच गायिका ठरवून करते. माझ्या आठवणीतला सगळ्यात थरारक प्रयोग एका बदली नटाचा आहे. कार्यक्रमपत्रिकेत कागदाची चिठ्ठी सापडली तेव्हा आजूबाजूचे हळहळले होते, आणि मध्यंतरात तेच लोक त्याचं नाव पाठ करत होते.

कार्यक्रमपत्रिकेवरून आठवलं: ब्रॉडवेवर ‘प्लेबिल’ फुकट हातात देतात, लंडनमध्ये ती विकत घ्यावी लागते.

प्रयोगानंतर नटांना भेटता येतं का?

थिएटरच्या बाजूला किंवा मागे स्टेज डोअर असतं. न्यूयॉर्कमध्ये तिथे अडसर लावलेले असतात आणि काही नट सह्या करायला थांबतात. पत्रिका आणि जाड पेन तयार ठेवा. थांबणं हे त्यांचं कर्तव्य नाही. दोन प्रयोगांच्या मध्ये तर बहुधा कोणी येतच नाही.

आई-वडिलांना जिने चढवत नाहीत. काय करावं?

तिकीट ऑनलाइन काढू नका, थिएटरला फोन करा किंवा लिहा. चाकाच्या खुर्चीच्या जागा, पायऱ्या नसलेली वाट, सोबतीच्या माणसासाठी सवलत हे सगळं तिथूनच मिळतं, आणि लंडनमध्ये यासाठी वेगळा नंबर असतो. जुन्या इमारतींत गंमत अशी की तळमजला कधीकधी रस्त्याच्या पातळीखाली असतो आणि ड्रेस सर्कल रस्त्याच्या पातळीवर. म्हणजे ‘खालचं तिकीट’ घेतलेल्यालाच जास्त पायऱ्या.

‘प्रिव्ह्यू’ लिहिलेलं तिकीट घ्यावं का?

उद्घाटनाआधीचे हे खेळ. गाणी बदलतात, दृश्यं कापली जातात, यंत्र अडकून खेळ थांबतोही. पूर्वीसारखे ते स्वस्त नेहमीच नसतात. पक्की घडी हवी असेल तर टाळा. मला आवडतात.

एकच म्युझिकल दोन देशांत बघितलं तर पैसे वाया जातील ना?

‘लायन किंग’सारख्या शोची मांडणी सगळीकडे जवळपास तीच असते, तिथे हा प्रश्न रास्त आहे. पण ‘एलिझाबेथ’ घ्या. व्हिएन्नात सगळं सम्राज्ञीभोवती फिरतं आणि मृत्यू हे पात्र तिच्या मागावर असतं. ताकाराझुकाने १९९६ मध्ये तेच बसवलं तेव्हा तिथली पद्धत अशी की मुख्य मान पुरुषी भूमिका करणाऱ्या नटीला. मग त्यांनी मृत्यूलाच नायक केलं आणि गोष्ट त्याच्या प्रेमाची झाली. सम्राज्ञी तीच, सूर तेच, आणि पडदा पडल्यावर बाहेर रडणारे लोक भलत्याच माणसासाठी रडत असतात.